लग्नपत्रिकेचं पॅकिंग

गाडी बिघडली की मिस्त्रीकडे जावं, एवढी अक्कल मला शिरूरला येण्याआधीही होती. गाडी चांगली पळायला लागली की ताबडतोब मिस्त्रीकडे जावं, असं सांगणारा माणूस मात्र आयुष्यात एकच भेटला, आणि तो नेमका माझा घरमालक निघाला. सगळी गल्ली त्यांना आप्पा म्हणायची, मीही आप्पाच म्हणायची. त्यांच्या खोलीत मी चार वर्षं राहिले. तो माणूस शहाणा होता की चक्रम होता, याचा निकाल मला तेव्हाही लागला नाही, आणि आता इतक्या वर्षांनी लिहायला बसले आहे तरी लागलेला नाही.

तेव्हा नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी आरोग्य खात्यात नर्स होते, नोकरी अजून कायम व्हायची होती. माझ्याकडे भीमेकाठची गावं, त्यातलं सगळ्यांत लांबचं वडगाव रासाई. खांद्याला लसींचा थंड डबा अडकवायचा आणि मामेभावाने वापरून वापरून मला दिलेल्या मोपेडवर निघायचं. आमचं घर दौंडकडचं. आजोबांच्या वेळी मेंढरं होती, वडिलांनी ती विकून ऊस लावला आणि मी शिकले. शिरूरला खोली शोधायला लागले तेव्हा कोणीतरी सांगितलं, बौद्धवस्तीत एक घर आहे, माणसं चांगली आहेत, फक्त म्हाताऱ्याच्या बोलण्याकडे लक्ष देऊ नका. म्हातारा म्हणण्याइतके आप्पा तेव्हा म्हातारे नव्हते. दौंडच्या एका गॅरेजात बावीस वर्षं हात काळे करून ते गावी परतले होते आणि घरापुढच्या पत्र्याच्या शेडमध्ये लोकांच्या गाड्या बघायचे. 'दुरुस्त करायचे' असं मुद्दामच म्हणत नाही. त्यांचा बहुतेक वेळ बघण्यातच जायचा.

पहिल्याच दिवशी त्यांनी मला समोर उभं करून विचारलं, गाडी कशी पळते? मी म्हटलं, रडतखडत पळते, चढाला दम लागतो, धूर सोडते. त्यांचा चेहरा एकदम निवळला. म्हणाले, "मग काळजी न्हाई. चांगली पळाया लागली की मला सांगा, शिस्टर. रातीचं ऱ्हाऊ द्या, पण दिवसा असंल तर जाग्यावरनं परत फिरा आन् सांगा." मी मान हलवली. खोलीत जाऊन मावशींना, म्हणजे त्यांच्या बायकोला विचारलं, हे असं का बोलतात? मावशी भाकरी थापत होत्या. त्या म्हणाल्या, तीस वर्षं संसार केला, मला कळलं की तुला सांगते.

त्यांचं म्हणणं हळूहळू थोडंफार माझ्या डोक्यात शिरलं. दोन-स्ट्रोक गाडीत पेट्रोलमध्येच ऑइल मिसळलेलं असतं. इंजिनात पेट्रोल कमी आणि हवा जास्त जायला लागली की आग जोरात पेटते, गाडी हलकी होते, सणसण पळते. चालवणारा खूश. पण पेट्रोल कमी म्हणजे ऑइलही कमी, आणि आतला पिस्टन तापत तापत फुगतो, सिलिंडरला घासतो, नाहीतर त्याच्या माथ्यालाच भोक पडतं. आप्पा हे चुलीवरून समजावायचे. "लाकूड कमी आन् फुंकणी जास्त. फुंकून फुंकून जाळ पांढरा व्हतो, बघणाऱ्याला वाटतं काय झ्याक पेटलंय. आन् वरचा तवा करपून गेलेला असतो." मावशी आतून म्हणायच्या, यांनी जन्मात कधी चूल पेटवली नाही.

हवा जास्त जायची कारणं दोन. एक म्हणजे लोक स्वतःच कार्बोरेटरचा, म्हणजे हवा-पेट्रोल मिसळणाऱ्या भागाचा, स्क्रू फिरवून पेट्रोल कमी करायचे, ॲव्हरेज वाढावं म्हणून. त्या दिवसांत कोणाची नवी गाडी दिसली की तिची किंमत कोणी विचारत नसे, ॲव्हरेज विचारत. दुसरं कारण म्हणजे कार्बोरेटर जिथे इंजिनाला जोडलेला असतो तिथे बारीकशी फट पडायची आणि तिथून चोरून हवा आत शिरायची. या चोरट्या हवेवर आप्पांचा फार राग. ती शोधायला ते उदबत्ती लावायचे.

म्हणजे खरोखरच उदबत्ती. गाडी चालू ठेवायची, उजव्या हातात पेटती उदबत्ती, डाव्या हातात ओलं पोतं, पायाशी वाळूची बादली, आणि शेजारी कोणी बोलायचं नाही. कार्बोरेटरच्या भोवती उदबत्ती सावकाश फिरवायची. धूर सरळ वर गेला तर ठीक. फट असली तर धूर तिथे वळतो आणि आत ओढला जातो. पेट्रोलच्या शेजारी विस्तव नाचवायचा हा उद्योग बघून मी दोन पावलं मागे सरायची, पण त्यांच्या हातून कधी ठिणगी उडालेली मी पाहिली नाही. घरात उदबत्तीचे दोन पुडे असायचे. चंदनाचा बुद्धाच्या तसबिरीपुढचा, आणि स्वस्तातला, बिनवासाचा, गाड्यांचा. मावशींनी एकदा घाईत चंदनाची काडी शेडमध्ये दिली तर त्यांनी ती परत पाठवली. म्हणाले, "वासानं डोकं चालत न्हाई."

आता लोकांना यातलं काय दिसायचं, तर आप्पा गाडीला ओवाळतात. रांजणगावच्या गणपतीला नवी गाडी नेऊन हार घालून आणायचा आणि परतताना आप्पांकडून उदबत्ती फिरवून घ्यायची, अशी पद्धतच पडून गेली. एकदा दौंडचा एक रिक्षावाला हार घातलेली रिक्षा घेऊन आला. आप्पांनी उदबत्ती फिरवली, धूर एका जागी आत वळला. त्यांनी बोट ठेवून दाखवलं, इथे रबर तडकलं आहे, बदलल्याशिवाय हलू नका. त्या माणसाने भक्तिभावाने मान डोलावली, वाकून जमिनीवर पडलेली राख उचलली, कपाळाला लावली, हँडलला लावली आणि निघून गेला. पंधरा दिवसांनी तो पिस्टन हातात घेऊन हजर. त्याची तक्रार अशी की उदबत्ती लागू पडली नाही. आप्पा त्याच्यावर चिडले नाहीत. पिस्टन मात्र मागून घेतला.

शेडच्या खिडकीत असे दहा-पंधरा पिस्टन मांडून ठेवलेले होते. कोणाच्या माथ्याला भोक, कोणाच्या अंगावर ओरखडे, कोणाची कड वितळून खाली ओघळलेली. प्रत्येकाला दोऱ्याने एक चिठ्ठी बांधलेली आणि तिच्यावर मरणाचं कारण. मी पहिल्यांदा ती रांग पाहिली तेव्हा मला वाटलं, काहीतरी तांत्रिक लिहिलेलं असेल. रिक्षावाल्याच्या पिस्टनवर लिहिलं होतं, 'नमस्कार'. दुसऱ्या एकावर होतं, 'मेव्हण्यानं सांगितलं'. तिसऱ्यावर, 'ॲव्हरेज'. हा तिसरा कारेगावात खोली घेऊन राहणाऱ्या, कंपनीत कामाला असणाऱ्या एका उत्तर भारतीय पोराचा. तो मोठ्या अभिमानाने सांगत आला होता, "चाचा, गाडी एकदम मख्खन चल रही है, पेट्रोल पीतीही नहीं." आप्पांनी प्लग काढून बघितला, तो खडूसारखा पांढरा. आप्पा त्याला हिंदीत समजवायला गेले. त्यांची हिंदी अशी की ऐकून तो पोरगा हसत हसत गेला. हसत परत आला नाही.

प्लग ते माझ्याकडेही घेऊन यायचे. म्हणायचे, तुम्ही जीभ बघता तसं मी हे बघतो. विटकरी रंग असला की तब्येत बरी, काळा असला तरी हरकत नाही, पांढरा असला की पेशंट हातचा जाणार. मी दवाखान्यातून दमून यावं आणि यांनी दारात प्लग पुढे करावा, सांगा बघू काय झालंय. मी काहीतरी सांगायची. दहातल्या नऊ वेळा चुकायची.

आता पत्रिकांचं सांगते, कारण सगळं तिथेच घडलं. कार्बोरेटर आणि इंजिन यांच्या जोडात एक पातळ पॅकिंग असतं, फट राहू नये म्हणून. बाजारात तयार मिळतं. पण आप्पांचं मत असं की तयार पॅकिंग आडमुठं असतं, कितीही आवळा, नीट चेपून बसत नाही, आणि चांगल्या लग्नपत्रिकेच्या कागदासारखा कागद कुठे मिळत नाही. म्हणून ते पत्रिका साठवायचे. एक अख्खी पेटी भरून पत्रिका. कोणाच्याही लग्नाला ते जायचे नाहीत, तरी गावोगावचे लोक त्यांना आवर्जून पत्रिका आणून द्यायचे. देणाऱ्याला वाटायचं, आप्पांनी आपला मान राखला. आप्पा पत्रिका चिमटीत धरून जाडी बघत असायचे.

पत्रिका पालथी जोडावर ठेवायची, हातोडीने कडेकडेने हलकं ठोकायचं की कागदावर आकार उठतो, मग कातरीने कापायचं. पण कापायच्या आधी ते एक करायचे. पत्रिकेवरचा गणपती तेवढा कडेकडेने कापून अलगद बाजूला काढायचे आणि एका पत्र्याच्या डब्यात ठेवायचे. डबा भरत आला की अनंत चतुर्दशीला शेजारच्या घरचा गणपती घोड नदीवर निघायचा तेव्हा त्यांच्या हातात तो डबा द्यायचे. शेजारी सगळे कागदी गणपती नदीत सोडून डबा रिकामा परत आणायचे.

माझ्या गोंधळाला इथे पारावार राहिला नाही. ज्या घराने दीक्षा घेतली, ज्या घरात गणपतीचं नावसुद्धा निघत नाही, ज्यांची उदबत्तीही बिनवासाची, त्या माणसाला कागदावरच्या गणपतीची एवढी काळजी कशाला? मी विचारलं तर म्हणाले, त्याच्यावर सोनेरी शाई असते, तिनं पॅकिंग नीट बसत न्हाई. हे मला पटलं. मग बघते तर बिनसोनेरी, साध्या लाल शाईचे गणपतीही डब्यात. गल्लीत काही लोक म्हणायचे आप्पा मनातून अजून देव मानतात, काही म्हणायचे घाबरतात. माझी आई पहिल्यांदा खोलीवर आली तेव्हा पाण्याचा तांब्या हातात घेऊन क्षणभर थांबली होती. ते मावशींनी पाहिलं, मीही पाहिलं. पुढच्या खेपेला आईने आपणहून चहा मागितला. त्या आईलाही डब्याची गोष्ट सांगितली तर ती म्हणाली, असं कसं असेल. मला मेलीला आईची लाज वाटली होती आणि आप्पांचं कोडं मात्र सुटत नव्हतं.

उन्हाळ्यातल्या एका सोमवारी सकाळी मोपेड चालूच होईना. आप्पांनी कार्बोरेटर उतरवला, साफ केला, जुनं पॅकिंग फाटलं होतं ते काढून टाकलं. मला लसीकरणाला निघायचं होतं, वर साहेबांची पाहणी होती. मी शेडच्या दारात उभी राहून घड्याळ बघत होते. पेटीत हाताला लागली ती पत्रिका जाड होती, छान होती, पण तिच्यावरचा गणपती पार मधोमध, पानभर पसरलेला. तो कडेने कापून काढला तर उरला तो नुसता काठ, आणि त्या काठातून पत्रिकेची घडी गेलेली. बाकीच्या पत्रिका शोधायला पेटी रिकामी करावी लागली असती.

मी वैतागून म्हटलं, "आप्पा, कापा ना मधूनच. कागदच आहे तो. माझा देव आहे, मी सांगते ना, कापा."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. मी त्यांच्या भाषेत न बोलता भलत्याच भाषेत काही बोलले असावे, तसं बघितलं. मग मान खाली घालून घडीचा काठ घेतला, घडी नखाने दाबून दाबून सपाट केली, ग्रीस लावलं आणि त्याचंच पॅकिंग बसवलं. मोपेड चालू झाली. ते उदबत्ती आणायला आत गेले आणि मी त्यांच्या पाठीमागे निघून गेले. आरशात दिसलं, आप्पा पेटती उदबत्ती घेऊन रस्त्यावर उभे आहेत.

त्या दिवसापासून माझी मोपेड अशी पळायला लागली की विचारू नका. वाटेतल्या न्हावरे गावापुढचा चढ ती दम न खाता चढली. मूठ सोडली तरी आवाज लगेच खाली यायचा नाही, थोडा वेळ वरच्या पट्टीतच राहायचा. मला वाटलं, खुशीत आहे. आप्पांनी सांगून ठेवलेलं मला आठवत नव्हतं असं नाही. चांगलं आठवत होतं. पण सांगितलं असतं तर त्यांनी गाडी खोलून ठेवली असती, आणि आयुष्यात पहिल्यांदा माझी गाडी नीट पळत होती. त्यांनीही रोज संध्याकाळी विचारलं, काय म्हणते? मी रोज म्हटलं, नेहमीसारखीच. चार दिवस.

शुक्रवारी वडगाव रासाईला लसीकरण होतं. गाव तीन किलोमीटरवर असताना मोपेडने एक झटका दिला, आतून चिरकल्यासारखा आवाज आला आणि ती गप्प झाली. भर उन्हात, दोन्ही बाजूंना ऊस, रस्त्यावर चिटपाखरू नाही. गाडी तिथेच उसाला टेकवली आणि डबा खांद्यावर घेऊन चालत गेले. पोचेपर्यंत बायका कंटाळून रानात कामाला निघून गेल्या होत्या. समाजमंदिरात तिघी बसल्या होत्या. मग दुपारभर घरोघर, बांधाबांधाने फिरून मी एकेक पोर शोधलं. सगळी सापडली नाहीत. राहिलेल्यांसाठी पुढच्या आठवड्यात परत जावं लागलं, आणि मधल्या काळात साहेबांचा मेमो हातात पडला. कायम व्हायची बाब त्याने वर्षभर लांबली.

मोपेड दुधाच्या टेम्पोतून संध्याकाळी घरी आली. आप्पांनी आधी प्लग काढून बघितला, मग वरचं हेड काढलं. पिस्टनच्या माथ्याला शेंगदाणा आरपार जाईल एवढं भोक. मग त्यांनी कार्बोरेटर उतरवला आणि ते पॅकिंग उजेडात धरलं. घडीवरून एक बारीक काळी रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली होती. चोरट्या हवेने केलेली वाट. त्यांनी तिच्यावरून नख फिरवलं.

मग त्यांनी विचारलं, "कवापासनं चांगली पळत हुती, शिस्टर?"

मी म्हटलं, "आजच."

का तसं म्हटलं, मला माहीत नाही. मेमोच्या भीतीने नव्हे, मेमो नंतर आला. आप्पांच्या भीतीने नव्हे, त्यांना कोणी भीत नसे. तोंडातून निघून गेलं. आप्पांनी मान हलवली, पाने-हातोड्या फडक्यात गुंडाळल्या, फडक्याला गाठ मारली आणि ते गाठोडं माळ्यावर टाकलं. पिस्टन खिडकीत ठेवला. त्याला दोऱ्याने चिठ्ठी बांधली, पण चिठ्ठी कोरी.

त्या दिवसानंतर त्यांनी गाडीला हात लावला नाही. लोक यायचे, ते म्हणायचे, माझा हात गेला. उदबत्तीसाठी येणाऱ्यांनाही परत पाठवायचे. सायकलवर नदीपर्यंत जायचे, यायचे, आणि पत्र्याखाली नुसते बसून राहायचे. शेड रिकामी झाली तशी मावशींना घरात शांतता सोसेना. त्या मला विचारायच्या, सिस्टर, असं झालं तरी काय? मी म्हणायची, कळत नाही. हे दुसरं खोटं. मला अर्धं कळत होतं आणि तेच मला खात होतं. सगळ्या गावाला हवा कशी चोरून आत शिरते हे शिकवणाऱ्या माणसाच्या हातूनच फट राहिली, एवढं त्याने मनाला लावून घेतलं होतं. मी चार दिवसांचं खरं सांगितलं असतं तर त्यातला निम्मा भार माझ्याकडे आला असता. रोज सकाळी ठरवायची, आज सांगू. रोज संध्याकाळी तशीच खोलीत जायची. मोपेड दुसऱ्या मिस्त्रीने नवा पिस्टन घालून दिली, पण मी ती शेडमध्येच लावून ठेवली आणि एसटीने जायला लागले.

असं जवळजवळ वर्ष गेलं. माझं लग्न ठरलं. पत्रिका छापायला दौंडच्या छापखान्यात मीच गेले. मालकाने नमुन्यांची वही पुढे टाकली, घडीच्या, सोनेरी, पाकिटाच्या, दोरीच्या. मी म्हटलं, यातली नको. एकच सपाट जाड कार्ड द्या, घडी नको, सोनेरी नको, चकचकीत नको, आणि गणपती वरच्या कोपऱ्यात बोटाच्या नखाएवढा. मालकाला ते मानवेना. म्हणाला, "बाई, लग्न हाय का कंपनीची नोटीस? एवढा कोरा कागद सोडून करायचं काय?" मी म्हटलं, लागतो तो एका माणसाला. माझ्या सासरच्यांना ती पत्रिका अजिबात आवडली नाही. अजूनही कधीकधी विषय निघतो.

पहिली पत्रिका घेऊन मी आप्पांसमोर गेले. ते शेडमध्ये बसले होते. त्यांनी सवयीने चिमटीत धरून जाडी बघितली. उलटी केली. घडी शोधली, सापडली नाही. कोपऱ्यातला गणपती बघितला, मग राहिलेला कोरा कागद बघितला, आणि तो कशासाठी आहे हे त्यांना कळलं, कारण त्यांनी पत्रिका मांडीवर ठेवली आणि कोऱ्या भागावरून तळवा फिरवला.

तेव्हा मी म्हणाले, "आप्पा, चार दिवस पळत होती. सोमवारपासून. मी सांगितलं नाही."

"म्हायती हाय मला," ते म्हणाले. "एका दिसात प्लग इतका पांढरा व्हत न्हाई."

वर्षभर जे ओझं मी छातीवर घेऊन फिरत होते, ते त्यांना पहिल्याच संध्याकाळी ठाऊक होतं. मला रडू आलं, आणि रागही आला. मी विचारलं, मग माहीत होतं तर काम का सोडलंत? चूक माझी होती. घाई माझी, उदबत्तीला थांबले नाही ती मी, लपवलं ते मी.

आप्पा सावकाश बोलले. "तुमची चूक न्हाई म्हनत न्हाई मी. पर ऐका. तवा मी मधनं कापाया पायजे हुतं. मिस्त्री म्हनून पायजे हुतं. न्हाई कापलं. आन् उद्या परत तसाच परसंग आला, तरी मी न्हाई कापनार. हे मला ठावं हाय. मग हत्यार धरायचं कसं, सांगा."

मी विचारलं, पण का नाही कापणार? तुम्ही तर मानत नाही.

"माझा न्हाई त्यो. आम्ही सोडला. पर ज्यानं पत्रिका आनून दिली त्याचा हाय का न्हाई? त्यानं इस्वासानं माझ्या घरात आनून दिला. माझा न्हाई म्हनून मी त्याच्यावर कातर चालवावी व्हय?"

एवढं सोपं उत्तर इतकी वर्षं त्यांनी सोनेरी शाईखाली दडवून ठेवलं होतं. आणि सोपं म्हणते खरी, पण त्या उत्तरापायी माझ्या गाडीच्या पिस्टनला भोक पडलं, वडगावची पोरं एक आठवडा लसीवाचून राहिली, हेही तितकंच खरं. त्यांचं बरोबर होतं का? मी अजून ठरवू शकले नाही. दुसऱ्याच्या देवाचा मान राखावा की गाडीवरच्या माणसाचा जीव, असं कोणी विचारलं तर उत्तर सरळ आहे. पण आप्पांपुढे बसल्यावर ते सरळ राहत नाही.

मग आप्पा उठले, माझ्या मोपेडजवळ गेले, तिच्यावरची धूळ हाताने पुसली आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "माळ्यावरनं गाठोडं काढ. दहाचा पाना दे मला."

चार वर्षांत त्यांनी मला कधी एकेरी हाक मारली नव्हती. मी नोकरीवाली, म्हणून कायम शिस्टर आणि तुम्ही. मी स्टुलावर चढून गाठोडं काढलं. त्यांनी माझी पत्रिका जोडावर पालथी ठेवली, ठोकून आकार काढला, कातर घेतली. मावशी दारात येऊन उभ्या राहिल्या, हात पिठाने भरलेले. पॅकिंग बसलं. गाडी चालू केली. या वेळी मी उदबत्तीला थांबले. धूर सरळ वर गेला.

लग्नाला ते आले नाहीत. अपेक्षाही नव्हती.

मग माझी बदली झाली, दौंडला घर झालं, मुलं झाली, मोपेडही गेली. आप्पा गेल्याचं मला आठ दिवसांनी कळलं. भेटायला गेले तेव्हा शेडच्या खिडकीतले पिस्टन तसेच होते. मावशींनी माझा पिस्टन काढून दिला, तुझा आहे, घेऊन जा म्हणाल्या. त्याची चिठ्ठी शेवटपर्यंत कोरीच राहिली होती. तो आता माझ्या टेबलावर आहे. पेन हातात घेऊन मी कितीदा बसले, 'घाई' लिहावं, 'खोटं' लिहावं, की 'मान' लिहावं. काहीच लिहिलं गेलं नाही.

निघताना मावशींनी पत्र्याचा डबा आणला. चतुर्दशी जवळ आली होती, शेजारी न्यायला येणार होते. झाकण उघडलं तर नेहमीसारखे गणपती, लाल, पिवळे, सोनेरी. त्यांच्या तळाशी, कापडाच्या तुकड्यात जपून ठेवलेला जाड कागदाचा एक लांबट कपटा होता. सपाट, कडेकडेने अलगद कापलेला. त्याच्यावर माझं नाव होतं, पत्रिकेत छापलेलं. पॅकिंग कापताना आप्पांनी गणपतीला कातर लावली नव्हती, तशी माझ्या नावालाही लावली नव्हती.

मावशी म्हणाल्या, "दरसाल गणपती जायचे. हा कागद तेवढा आधी काढून घ्यायचे, डबा परत आला की पुन्हा आत ठेवायचे. मी इच्यारलं तर म्हनायचे, कागद चांगला हाय. तुझं हाय, ने."

मी हात पुढे केला आणि मागे घेतला. म्हटलं, "राहू द्या मावशी. गणपती जाताना तेवढं तुम्ही काढून घेत जा. आप्पांनी ठेवलंय तिथंच राहू द्या."